सोड्याच्या छत्तीस बाटल्या आणि निकिताचं प्रमेय

१२ जानेवारी २०२५, रविवार. सकाळी ९.१०
आजपासून रोजनिशी. हेतू एकच: मन स्वच्छ ठेवणे.
काल विद्यापीठाची ईमेल आली. निकिताचा थिसिस दोन्ही परीक्षकांनी पास केला. आता फक्त ओपन व्हायवा राहिली, मार्चअखेर, धाराशिवला. ती झाली की माझी बायको डॉक्टर. मला आनंद झाला आहे. अव्वानं (माझ्या आईनं) गल्लीत पेढे वाटले. मी दोन खाल्ले, म्हणजे आनंद झालाच असणार.
माझं पीएचडीचं रजिस्ट्रेशन २०११ चं. २०१७ ला रद्द झालं. कारणं: इलेक्शन ड्युटी, अव्वाचा गुडघा, गाईडचा स्वभाव. निकिताला यातलं काहीच आडवं आलं नाही. नशीब.
तिच्या पीएचडीची पाच वर्षं रविवारचा चहा मी करतो (बहुतेक रविवारी), हे कुठल्या ईमेलमध्ये येत नाही.

१३ जानेवारी. स्टाफरूम, ऑफ तास
आम्ही दोघं उमरग्यात एकाच कॉलेजात. मी फिजिक्स, ती मॅथ्स. स्टाफरूमही एकच, हीच अडचण.
केमिस्ट्रीचे लालमहंमद सर (रिटायर व्हायला दोन वर्षं) तिला म्हणाले, मॅडम, थिसिस आहे तरी कशावर, आम्हा गरिबांना कळेल असं सांगा. तिनं टेबलावरची काचेची रिकामी बाटली उचलली आणि तोंडाशी फुंकली. हूंऽऽ असा आवाज निघाला. म्हणाली, बाटली एवढीशी, वीतभर, पण या आवाजाची तरंगलांबी दीड मीटर. लांबून ऐकताना वा बघताना तरंगलांबीच्या निम्म्याहून बारीक काही ओळखता येत नाही. दोन वस्तू फार जवळ असल्या की एकच वाटतात. ही झाली मर्यादा. पण त्या वस्तूंच्या आसपास अशा बाटल्या ठेवल्या, त्यांच्याच सुरात घुमणाऱ्या, तर जी बारीक माहिती एरवी जागच्या जागी विरून जाते, ती या बाटल्या उचलून लांबवर पोचवतात. किती बाटल्यांनी किती बारीक दिसेल, आणि चूक किती होईल, ते मी गणितानं सिद्ध केलं.
मग सगळ्यांनी बाटली फुंकून बघितली. मी नाही फुंकली.
लालमहंमद सर माझ्याकडे वळून म्हणाले, "सर, हे तर तुमचं फिजिक्स. मग तुम्ही का न्हाय केलं?"
मी म्हणालो, माझा पिंड प्रयोगाचा.

१९ जानेवारी, रविवार
संकल्प: एकवीस दिवसांत थिसिस वाचून काढणे. पानं १६४. रोज आठ. हेतू चूक शोधण्याचा नाही. पण सापडली तर शास्त्राशी बेइमानी करणार नाही.
पीडीएफ तिच्या पेनड्राइव्हवरून घेतली. घरातलीच वस्तू. विचारायचं काय?
(चहा आज तिनं केला. मी कॉपी करण्यात होतो.)

२१ जानेवारी
पानं १ ते ३ झाली. म्हणजे आभार.
गाईड पंचाक्षरी सर: सहा ओळी. अव्वा: दोन ओळी. बाइंडिंगवाला: एक ओळ. मी: "आणि माझे पती, त्यांच्या संयमाबद्दल." ओळसुद्धा नाही, ओळीचं शेपूट.
संयम! संयम बैलाला असतो.

२७ जानेवारी
पान ११. ग्रीन्स फंक्शन नावाचा प्रकार आहे. इंटिग्रलच्या आत इंटिग्रल. अकराव्या पानाला हवा लागू दिली पाहिजे, म्हणून आज पुढं गेलो नाही.
निकिता विचारत होती, काय वाचताय? म्हणालो, बोर्डाचं सर्क्युलर. मग म्हणाली, अहो, दुसऱ्या प्रकरणात फिजिक्सची प्रस्तावना आहे, व्हायवाच्या आधी एकदा बघता का? तुमच्या नजरेखालून गेली की मला धीर येईल.
वेळ नाही म्हणून सांगितलं. तिला आधाराची सवय लावणं बरं नाही.

२ फेब्रुवारी, रविवार
अजून पान ११. मोठा निर्णय. सिद्धता वाचणे बंद. सिद्धता हा गणितवाल्यांचा खासगी मामला. खरंखोटं ठरतं ते प्रयोगावर. प्रयोग करणार. जगात कोणी केला असेल तर असो, उमरगा तालुक्यात कोणी केलेला नाही.

५ फेब्रुवारी
बाटल्या मिळाल्या. माझा जुना विद्यार्थी मुजफ्फर, हायवेला त्याचा सोड्याचा कारखाना होता. प्लास्टिक आलं आणि बंद पडला. क्रेटच्या क्रेट धूळ खात आहेत. एकसारख्या छत्तीस निवडून घेतल्या, गोटीच्या नकोत म्हणालो.
मुजफ्फरनं विचारलं, "सर, एवढ्या बाटल्या कशाला?"
"संशोधन."
"मॅडमचं व्हय?"
"माझं," मी म्हणालो. जरा मोठ्यानं निघालं. त्यानं क्रेट स्वतः रिक्षात ठेवले. रिक्षावाला म्हणाला, मॅडमचे मिस्टर ना तुम्ही? सोडतो घरी.
चौदा वर्षं शिकवतो मी या गावात.

९ फेब्रुवारी, रविवार. दुपारी २.३०, गच्ची
मांडणी अशी: गच्चीच्या एका टोकाला दोन फोन, एक माझा, एक अव्वाचा. दोघांत वीतभरही अंतर नाही. दोन्हींतून बाटलीच्याच सुराची शिट्टी वाजवायची, एका वेळी एकाच फोनवरून. दुसऱ्या टोकाला लॅपटॉप आणि माइक. लांबून कोणता फोन वाजला हे ग्राफवरून ओळखता आलं, तर निकिता बरोबर. नाही आलं, तर... बघू.
बाटल्या सहा रांगांत, प्रत्येक रांगेत सहा. फोनांच्या भोवती ठेवायच्या होत्या, पण तिथं अव्वाचे सांडगे वाळत होते. अव्वा म्हणाली, हात लावशील तर बघ. म्हणून बाटल्या गच्चीच्या मध्यावर, फोनांपासून दोन मीटरवर. भिंगासारख्या. गच्ची एकच आहे, काय फरक पडतो?
पहिल्या दिवशी नुसते ट्रक रेकॉर्ड झाले.

१६ फेब्रुवारी, रविवार. पहाटे ५ ला उठणार होतो
उठलो ८.२०. तरी रविवार असल्यानं वाहतूक कमी. वीस रीडिंग घेतली.
दोन्ही फोनांचे ग्राफ एकसारखे. अगदी एकावर एक. डावा वाजला की उजवा, ब्रह्मदेवाला ओळखता यायचं नाही.
म्हणजे प्रमेय खोटं आहे!
फार वाईट वाटलं. खाली येऊन तीन भाकरी खाल्ल्या.

१७ फेब्रुवारी
निकिता वाळलेले कपडे काढायला गच्चीवर आली. अहो, हे काय? म्हणालो, मनीप्लांट लावणार आहे. ती बाटल्यांकडे बघत उभी राहिली. "छत्तीस रोपं? सहा सहाच्या रांगेत?" म्हणालो, सहज जमून आलं. ती हसली. मग म्हणाली, मला काही विचारायचंय का तुम्हाला?
न्हाय म्हणालो.
 मग कपडे घेऊन गेली.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र
उपास. क्षमा हा उपासाचा खरा अर्थ. ठरवलं, ग्राफ फाडून टाकायचे. शेवटी बायको आहे.

त्याच दिवशी, संध्याकाळी ५
फ्लेक्स लागला. व्हायवा व्हायच्या आधीच! हायवेच्या चौकात, मुजफ्फर आणि जुन्या विद्यार्थ्यांकडून. निकिताचा फोटो पुरुषभर उंच. "आमच्या मॅडम, आमचा अभिमान." मीही आहे. खाली, शुभेच्छुकांमध्ये, तिसऱ्या रांगेत, पेट्रोल पंपवाल्याच्या शेजारी. फोटो माझ्या कॉलेजच्या आयकार्डावरचा, त्यात माझा एक डोळा मिटलेला.
क्षमा रद्द. साबुदाणाही नीट लागला नाही.

१२ मार्च
लालमहंमद सरांना विश्वासात घेतलं. ओपन व्हायवा म्हणजे कोणीही जाऊन बसावं, कोणीही उठून प्रश्न विचारावा. मी उठणार. ग्राफ दाखवणार. शांतपणे, पुराव्यानिशी.
सर बराच वेळ चष्मा पुसत होते. म्हणाले, "आधी घरात विचारा की सर. चारचौघांत कशाला?"
मी म्हणालो, विज्ञानाला घर नसतं.
"विज्ञानाला नसंल. तुम्हाला हाय ना?"
केमिस्ट्रीवाल्यांना तत्त्व कळत नाही.

२७ मार्च
ग्राफच्या वीस प्रती काढल्या, स्टेपल केल्या. पहिल्या पानावर नाव: प्रा. वीरभद्र, भौतिकशास्त्र विभाग. नातं लिहिलं नाही. निःपक्षपातीपणा.
निकिता दुपारभर स्वयंपाकघरात अव्वापुढं भाषणाचा सराव करत होती. अव्वा शेंगा फोडत ऐकत होती. शेवटी मला हाक मारून म्हणाली, "मला समजलं बघ. जवळ जाऊन बघितल्याबिगर बारीक दिसत न्हाय. व्हय ना गं?" निकिता म्हणाली, व्हय आई, तसंच. मला वाटलं, हे काय गणित झालं?
मग निकिता माझ्याकडे आली. उद्या पहिल्या रांगेत बसा म्हणाली. तुमच्याकडं बघून बोलीन, म्हणजे घाबरणार न्हाय.
मी म्हणालो, बसतो. बॅगेत वीस प्रती होत्या.

२८ मार्च, शुक्रवार. सकाळी ७.४०, एसटीत
मन शांत आहे. हा दिवस शास्त्राचा. नळदुर्गला निकितानं माझ्यासाठी केळी घेतली. दोन खाल्ली. तिनं एकही खाल्लं नाही, भीती वाटतीय म्हणाली. मी म्हणालो, काही होत नाही.

२९ मार्च, शनिवार
काल लिहिणं झालं नाही.
हॉलमध्ये चाळीसेक माणसं. बाहेरचे परीक्षक हैदराबादहून आलेले, सडसडीत, अजिबात न हसणारे. निकिता पस्तीस मिनिटं बोलली. वाईट बोलली नाही. तीनदा माझ्याकडे बघितलं, तिन्ही वेळा मी बॅगेची चेन बघत होतो.
मग अध्यक्ष म्हणाले, कोणाला प्रश्न?
मी उठलो. प्रती वाटल्या. म्हणालो, मी प्रत्यक्ष प्रयोग केलेला आहे, छत्तीस बाटल्यांवर, वीस रीडिंग, आणि उमेदवाराचा निष्कर्ष प्रयोगात टिकत नाही. उमेदवार म्हणालो. शब्द स्वच्छ उमटला.
 पंचाक्षरी सरांचे कान लाल झाले. परीक्षकांनी ग्राफ उलटासुलटा बघितला आणि निकिताच्या हातात दिला.
ती बघत राहिली. इतका वेळ की मला वाटलं, संपलं. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला वाटलं होतं तेवढं बरं वाटलं नाही. हॉलमध्ये उकडत होतं.
मग तिनं वर बघितलं. "सर," म्हणाली. मला! "बाटल्या आणि फोन यांच्यात अंतर किती होतं?"
"दोन मीटर."
"दोन मीटर का ठेवलंत?"
सांडगे म्हणता येईना. म्हणालो, तशी सोय होती.
ती फळ्याकडे गेली. पान ५८, अट दुसरी. वस्तू बाटल्यांच्या मधेच पाहिजे, तरंगलांबीच्या मानानं अगदी जवळ. बारीक माहिती उगमापासून हातभर अंतरातच विरून जाते. बाटली तिथं नसेल तर ती उचलणार काय आणि पोचवणार काय? मग ती हॉलकडे वळली. म्हणाली, सरांचा प्रयोग चुकलेला नाही. बाटल्या लांब असतील तर काहीच वेगळं दिसत नाही, हे माझ्या तिसऱ्या प्रकरणातलं शेवटचं विधान आहे. मी ते फक्त कागदावर सिद्ध केलं होतं. सरांनी मोजून दाखवलं. मी आभारी आहे.
टाळ्या. मलाही! परीक्षक पहिल्यांदा हसले, माझा हात हातात घेऊन म्हणाले, छान, तुम्ही कोणत्या संस्थेत असता? मी कॉलेजचं नाव सांगितलं. ते म्हणाले, अरे, यांच्याच कॉलेजात!
पंचाक्षरी सरांनी बाहेर जिन्यात विचारलं, पान ५८ वाचलं होतं का? म्हणालो, चाळलं होतं.
पदवी एकमतानं.

३० मार्च, पाडवा
परतीच्या एसटीचं लिहायचं राहिलं. ती खिडकीशी, मांडीवर बुके. नळदुर्ग आलं. मग खिडकीकडेच बघत म्हणाली, "पीडीएफ पेनड्राइव्हवरून घेतलीत?"
"व्हय."
"मागितली असती तर छापून दिली असती."
मी म्हणालो, मागायचं राहून गेलं.
"एक पान वाचा म्हणाले मी तुम्हाला. पाच वर्षांत कितींदा म्हणाले. तुमचं रजिस्ट्रेशन गेलं तवापासून तुम्ही संशोधनाचं नावच काढत न्हाय. घरात यावर बोलायला मला दुसरं कोण होतं? आईंना शेंगा फोडताना सांगत बसले मी. आणि तुम्ही वाचलंत ते मला पाडायला."
त्यागाचं सांगणार होतो. रविवारच्या चहाचं. पण एसटीचा आवाज फार होता. बुकेवर ऊन येत होतं, म्हणून मी पडदा सारला. तिनं तो परत उघडला.
आज गुढी मी उभारली. काठी तिरकी झाली. 

३ एप्रिल
निकिता अव्वामार्फत बोलते. "आई, यांना विचारा, ताक घेणार का." मी समोरच बसलेला असतो.
अव्वानं विचारलं, काय केलास रे तिला? म्हणालो, एक प्रश्न विचारला. अव्वा म्हणाली, "घरात तोंड शिवलं होतं काय तुझं? प्रश्न इच्चारायला बायकोची सभाच लागली व्हय?"
स्टाफरूममध्ये नवीन नाव पडलंय: दोन मीटर सर. लालमहंमद सरांनी पाडलं नाही असं ते म्हणतात.

७ एप्रिल
पान १२ ते ३०. कोणालाही सांगितलं नाही.
सतराव्या पानावर एक चित्र आहे. दोन बाटल्या जवळ आणल्या की त्यांचा एकच सूर फुटून दोन होतात, एक जरा खाली, एक जरा वर. चित्र सुरेख काढलंय. हे पान मी २०२१ मध्येच वाचलं असतं, तर मला काही सुचवता आलं असतं असं वाटलं. नंतर वाटलं, बहुतेक नसतं आलं.
हे शेवटचं वाक्य खोडायचं होतं, पण पेन चांगलं नव्हतं.

९ एप्रिल
ताक घेताना म्हणालो, पान सतरावरचं चित्र चांगलं आहे.
निकितानं अव्वाला म्हटलं, "आई, यांना विचारा, कुठल्या पानापर्यंत आले."
"तीस," मी अव्वाला म्हणालो.
अव्वा म्हणाली, मी काय टपाल हाय का तुमचं? आणि ताट घेऊन उठून गेली.
मग दोघंच राहिलो. निकिता म्हणाली, एकतीसवर एक छापण्याची चूक आहे, तिथं अडू नका.

१३ एप्रिल, रविवार. संध्याकाळी ६
सकाळी चहा करत होतो तर निकिता वही घेऊन आली. बाटल्या परत दिल्यात का? म्हणालो, न्हाय. "मग चला वर."
सांडगे कधीच डब्यात गेले होते. तिनं फोन गच्चीच्या टोकाला ठेवले आणि छत्तीसच्या छत्तीस बाटल्या त्यांच्याभोवती दाटीनं मांडल्या. मी बाटल्या देत गेलो, ती ठेवत गेली. मग ती दुसऱ्या टोकाला लॅपटॉप घेऊन माझ्याकडं पाठ करून बसली. म्हणाली, सुरुवातीला दोन्ही एकेकदा वाजवून दाखवा, मग तुमच्या मनाला येईल तो वाजवा. मी ग्राफवरून सांगते.
डावा. "डावा." उजवा. "उजवा." चार वेळा लागोपाठ डावाच वाजवला. चारही वेळा बरोबर. सातव्याला मी मुद्दाम दोन्ही फोन एकदम वाजवले. तिनं ग्राफ बघितला आणि न वळता म्हणाली, "दोन्ही." आठव्याला मी काहीच वाजवलं नाही आणि "वाजवला" म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "हे आता खरं वाजवा."
दहापैकी दहा.
अव्वा जिन्यातून डोकावून गेली. काय चाललंय म्हणाली. निकिता म्हणाली, संशोधन. कोणाचं ते म्हणाली नाही.
मग माझी पाळी. निकितानं लॅपटॉप पुढं केला. मी म्हणालो, ग्राफ कशाला, मी फिजिक्सचा माणूस आहे, नुसत्या कानानं ओळखीन. ती म्हणाली, खरंच? मी म्हणालो, खरंच. तिनं लगेच वहीत नवीन रकाना आखला. मी पाठ करून बसलो, डोळे मिटले, अगदी एकाग्र झालो. प्रत्येक वेळी ठामपणे सांगितलं. ती एकदाही हसली नाही.
दहापैकी चार.
निकिता म्हणाली, हे फार कामाचं आहे. ग्राफ नसेल तर नुसत्या कानाला काय ऐकू येतं, हा आकडा परदेशी जर्नलला पाठवायच्या पेपरात हवाच होता, आणि इतक्या प्रामाणिकपणे चुकणारा माणूस मिळाला नसता. तुमचं नाव घालू का? म्हणालो, घाल. तिनं रकान्याच्या वर माझं पूर्ण नाव लिहिलं, खाली चार लिहिलं आणि मला सही करायला लावली.
म्हणजे आंतरराष्ट्रीय पेपरात मी आहे. नुसतं नाणं उडवलं असतं तरी सरासरी पाच आले असते, हे वाक्य ती घालणार नाही, असं तिच्याकडून कबूल करून घेतलंय.